समुद्र सगळ्यांचा, मग किनारा कोणाचा?

खाडीपल्याड (धागा सुरू करणारा):
परवा इथेच 'दर्यादिल' यांनी लिहिलं की बीबीएनजे कराराने, म्हणजे कुठल्याही देशाच्या हद्दीबाहेरच्या समुद्रातली जीवसृष्टी जपण्याच्या जागतिक कराराने, देशोदेशीचं शास्त्र एकत्र येईल, माहिती सगळ्यांना खुली होईल, तेव्हा "मच्छीमारांनी आता भावनिक न होता शास्त्रज्ञांचं ऐकायला शिकावं". करारावर माझा राग नाही. भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये सही केली, जानेवारी २०२६ पासून तो जगात लागूही झाला. उत्तम. पण हे सगळं २०० सागरी मैलांपलीकडचं! मढ-वर्सोव्याचा नाखवा तिथे जातो कुठे? मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर तळ आपल्या वाट्याला आलाय, पाच-सहा हजार मीटर खाली निकेल-कोबाल्टचे गोळे, त्याच्या बातम्या रंगवून येतात. आणि इथे जेटीवर बर्फ वेळेत मिळत नाही म्हणून माल फेकणाऱ्यांना म्हणे 'ऐकायला शिका'.

जुना_जहाजी:
जरा मागे बघा साहेब. १९५९ ते ६५ मध्ये अनेक देशांची जहाजं हिंदी महासागर मोहिमेत उतरली, त्यातूनच १९६६ साली आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. मुंबईसमोरच्या समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्राचा शोध तर थेट सोव्हिएत सर्वेक्षण जहाजाशी जोडलेला, १९७४ ला तेल लागलं. परक्यांचा हात नको म्हणायचं आणि गाडीत पेट्रोल मात्र घालायचं!

खाडीपल्याड:
नको कोण म्हणालं? पण तेल लागलं तेव्हा बोटीवाल्यांच्या पदरात काय पडलं तेही सांगा. समुद्रात तेल काढायला उभ्या केलेल्या प्रत्येक फलाटाभोवती ५०० मीटर मज्जाव. मासे नेमके त्या खांबांच्या आसपास गोळा होतात, आणि आमचे लोक लांबून बघतात.

प्लँक्टन_ताई:
दादा, सुरक्षेचा नियम आहे तो, उगाच रडू नका. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी समुद्र-माहिती संस्था मासे कुठे सापडतील याचा अंदाज देते ना? पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य उपग्रहावरून मोजून, फुकट. त्यात अमेरिकी उपग्रहांची माहितीही वापरली आहे. सहकार्य म्हणजे आणखी काय असतं?

डोलकर_मढ:
ताई, तो अंदाज जाळं ओढत फिरणाऱ्या ट्रॉलरवाल्याला. माझं डोलजाळं खुंटांना बांधलेलं, मासा कुठेही गेला तरी जाळं तिथंच. आमचं गणित उधाण आणि भांग, म्हणजे भरती-ओहोटीची ओढ मंदावते ते दिवस. उधाणाला पाणी जोरात ओढतं तेव्हा बोंबील-जवळा भरतो, भांगाला खलाशांचा पगार अंगावर. शिवाय आभाळ भरलं की तुमच्या उपग्रहाला पाणी दिसत नाही. चुलत्याने मोबाईल पुढे धरला होता एकदा, मी म्हटलं खुंट उपटून नेऊ काय तिथं?

दर्यादिल:
आला ना मुद्द्यावर! त्याच डोलीच्या खोल्यात, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत, तळहाताहून लहान पापलेटांचा खच पडतो. २०२३ मध्ये सरकारने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला, पापलेटला १३५ मिलिमीटर. कोण पाळतं? जाळ्याचा आस, म्हणजे भोकं, बारीक ठेवायचा आणि वर शास्त्रज्ञांना शिव्या.

डोलकर_मढ:
जवळा धरायला बारीक आसच लागतो, हे वातानुकूलित खोलीत कळत नाही. माझं पोर पहाटे तीनला जेट्टीवर माल निवडतं, लहान पापलेट बाजूला काढतं, पण तोवर ते मेलेलं असतं. परत टाकून कोणाचं भलं? जाळ्याचा वेढा घालणारे पर्ससीनवाले आणि दिव्यांनी मासा गोळा करणारे एलईडीवाले पूर्ण थवे उचलतात, त्यांच्यासमोर बोला की.

गिरगावकर_खवय्या:
आणि ती बारकी पापलेटं घेतो कोण? आपणच. "कोवळी असतात, तळायला छान" म्हणत. माझी मावशी तर खास तीच मागते, आणि त्याच महिन्यात राज्यमासा वाचवा म्हणून सहीही करते. ज्याच्या ताटात आहे त्याने आधी तोंड बंद ठेवावं.

दर्यादिल:
मी मासे खात नाही.

गिरगावकर_खवय्या:
मग तर हद्दच झाली. न खाणाराने आकार शिकवायचा!

जुना_जहाजी:
बीबीएनजे राहिला बाजूला, पापलेट सुरू झालं. करारात पलीकडच्या पाण्यातल्या जीवांपासून मिळणाऱ्या फायद्याची वाटणी आहे, पर्यावरणाच्या परिणामांची तपासणी आहे. आज जिथे औषधं शोधली जातील तिथे आपण नसलो तर दोष कोणाला?

प्लँक्टन_ताई:
तपासणीवरून आठवलं. तळाच्या खाणकामाचे परवाने आजही जमैकातल्या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाच्या हातात आहेत, ते काम नव्या कराराने काढून घेतलेलं नाही. आणि आपणही त्या गोळ्यांच्या रांगेत उभे आहोत. त्यामुळे "सगळं जतन होणार" हा आनंद जरा आवरा. डोलकरदादा, उपग्रहाचं तुमचं बरोबर, डोलीला तो निरुपयोगीच. मान्य करायला जड जातंय, पण आहे.

डोलकर_मढ:
उपकार झाले.

खाडीपल्याड:
परका उपग्रह असो की सोव्हिएत जहाज, आम्हाला वावडं नाही. वाऱ्या-वादळाचा इशारा वेळेत येतो, तेवढं मानतो, जीव वाचतात. पण तळ मोजायला पैसा निघतो, मग जवळा सुटेल न् पापलेटाचं पिल्लू निसटेल अशी डोल बनवायला का निघत नाही? दर्यादिल, 'भावनिक' शब्द काढा तेवढा.

दर्यादिल:
काढला. त्याजागी 'चिडके' वाचा. आणि अशी डोल बनवून दिली तर वापराल का, ते आधी सांगा.

डोलकर_मढ:
आधी आणा. जवळा सुटून गेला तर पहिल्याच उधाणाला तुमच्या दारात आणून टाकीन.