मदत हवी आहे: फिक्या तुकड्यांच्या वाकळेत नक्षी उठून कशी दिसेल?

आम्ही वडगावच्या काही जणी मिळून वाकळ शिवतोय. आधी काही न आखता, हाताला येईल तो तुकडा जोडत १२ इंची चौकोन करतो. तुकडे शिंप्याकडचे, सगळे सुती: राखाडी, बदामी, फिकट निळे. जवळून फार सुंदर दिसतात, पण लांबून सगळं एकच कापड वाटतं.

मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढून गडद-फिके वेगळे करून पाहिले. फरक अगदी थोडा निघाला. इरकलीच्या काठाची लाल पट्टी घातली, तर नजर तिथंच अडकते आणि रंगांचा सौम्यपणा जातो. तोच तर आम्हाला जपायचाय. नवं कापड घ्यायचं नाही, रंगवायचंही नाही. पाठीला जुनं लुगडं, धावदोरा हातानंच.

चौकोन अजून एकमेकांना जोडलेले नाहीत, बदल करता येईल. मग फरक कशानं आणावा: तुकडे लहान-मोठे करून, रेघांची कापडं आडवी-उभी लावून, की गडद दोऱ्यानं दाट टाके घालून?