मदत हवी आहे: अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेची जमेची बाजू कोणती?

लेकीला १८६१ ते ६५ च्या युद्धातल्या दोन्ही बाजूंची तुलना वर्गात मांडायची आहे. उत्तरेचं सोपं आहे: सुमारे २ कोटी २० लाख लोक, बहुतेक कारखाने, नौदल. दक्षिणेकडे ९० लाख, त्यातले ३५ लाख तर गुलाम. तोफा ओतायला मोठा कारखाना म्हणजे रिचमंडचा ट्रेडेगर.

माझं घोडं अडलंय कापसापाशी. इंग्लंडच्या गिरण्यांना जाणारा आपला कापूस रोखला की इंग्लंड मदतीला धावत येईल, हा दक्षिणेचा होरा. प्रत्यक्षात इंग्लंडने आपल्या मुंबईतून गाठीच्या गाठी उचलल्या! मग कापूस ताकदीत धरू की कमजोरीत? आणि दक्षिणेच्या रॉबर्ट ली यांच्यासारख्या सेनापतीला किती वजन द्यावं? लेक म्हणते, "बाबा, हरले म्हणजे कमजोरच ना!" मला नाही पटत. जाणकारांनो, मंगळवारच्या आत सांगा.