दंड वाढवा म्हणे!

वऱ्हाडी_एमओ: "आमच्या पैशावर सरकारी कॉलेजात शिकतात, 10 लाख भरून सक्तीच्या सरकारी सेवेच्या बॉन्डमधून सुटतात. एमबीबीएसचा दंडही 50 लाख करा." ही पोस्ट सकाळपासून डोक्यात जातेय. मी बॉन्ड पुरा केलाय, मेळघाटातल्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात. क्वार्टर पत्र्याचं, पावसाळ्यात पलंग रोज नव्या कोपऱ्यात सरकवायचा. पहिला पगार पाचव्या महिन्यात. रात्री दोनला बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना. रक्तपेढी नाही, भूलतज्ज्ञ नाही, 108 लावली तर ती दुसरा पेशंट घेऊन परतवाड्याच्या वाटेवर. बाई वाचली, माझ्या कर्तबगारीने नव्हे. 50 लाखांच्या दंडाने तिथं रक्ताची एक पिशवी तरी येणार आहे का?

सातपुडाकर: रडगाणं पुरे. आमच्या नंदुरबारच्या धडगावकडे गरोदर बाईला अजून झोळीतून डोंगर उतरवतात. डॉ. अभय आणि राणी बंग 1986 पासून गडचिरोलीत आहेत, डॉ. रवींद्र आणि स्मिता कोल्हे तुमच्याच मेळघाटात बैरागडला राहिले. त्यांनी मागितलं होतं क्वार्टर?

वऱ्हाडी_एमओ: आले बंग, आले कोल्हे! दर वेळी हीच नावं. संतांच्या भरवशावर आरोग्यखातं चालवायचं का?

दाढदुखी: तुम्हाला निदान पीएचसी तरी आहे. आम्हा डेंटिस्टना तिथं जागाच नाही. मी ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी होते. खुर्ची आली, कंप्रेसर आलाच नाही. आठ महिने खुर्चीवर सलाईनची खोकी!

सातपुडाकर: दात दुखून कोणी मरत नाही, ताई.

दाढदुखी: तोंडाच्या कॅन्सरने मरतात, दादा. एकोणीस वर्षांचा पोरगा, तोंडात दोन बोटं जाईनात. "जेवल्यावरच खातो खर्रा," म्हणे, तोच तंबाखू-सुपारीचा. आणि 2012 पासून गुटखाबंदी आहे!

झाडीपट्टी: खर्ऱ्यावर नका घसरू. धानाच्या रोवणीला दिवसभर चिखलात वाकून बघा, मग कळेल भूक कशानं मारतात ते.

दाढदुखी: रोवणी आमच्याही घरची. बाबा खर्ऱ्यानेच गेले. बोला आता.

झाडीपट्टी: ...चुकलं. पण मग पानठेलेवाल्याला धरा ना, मजुराला काय झापता?

आयुर्वेदवाली: भांडा निवांत. तोवर पाड्यांवर आम्ही बीएएमएसवाले, आयुर्वेदाचे डॉक्टर आहोतच, मानधनावरचे 'मानसेवी'. मान आणि सेवा. पैशाचं विचारू नका.

सातपुडाकर: विषय डॉक्टरांचा होता. दंडाचं सोडलं, जा. पण पीजीचा इन-सर्व्हिस कोटा, सरकारी नोकरीतल्या डॉक्टरांसाठी राखीव जागा? 2020 ला सुप्रीम कोर्टानेही राज्यांना मुभा दिली. काही वर्षं काढायची, सीट घ्यायची, की चालले पुण्याला.

वऱ्हाडी_एमओ: ती काही वर्षं तरी दवाखाना उघडा असतो ना? तुमच्याकडे सध्या कोण आहे?

सातपुडाकर: एक बीएएमएस ताई.

वऱ्हाडी_एमओ: आणि क्वार्टर?

सातपुडाकर: गळतंय. झालं समाधान?