गार्डन स्पेल्स वाचलं, खूप आवडलं, पण शेवट खटकतोय (स्पॉयलर आहेत)

पुस्तकातलीखूण:
काल रात्री सारा ॲडिसन ॲलनचं 'गार्डन स्पेल्स' संपवलं आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. ज्यांनी वाचलं नाहीये त्यांनी इथेच थांबा, मी शेवट सांगणार आहे.

पुस्तक २००७चं आहे. नॉर्थ कॅरोलायनातलं बॅस्कम नावाचं छोटं गाव, तिथलं वेव्हर्ली घराणं, त्यांच्या बागेतल्या फुलांचे पदार्थ खाल्ले की माणसांवर काहीतरी परिणाम होतो आणि सफरचंदाचं झाड तर लोकांना सफरचंदं फेकून मारतं. ते सफरचंद खाल्लं की आपल्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घटना दिसते म्हणे. क्लेअर त्या घरात एकटी राहून केटरिंग करते आणि तिची धाकटी बहीण सिडनी मारकुट्या माणसाच्या तावडीतून सुटून लेकीला घेऊन दहा वर्षांनी घरी येते. पहिले दोनशे पानं मी अक्षरशः तरंगत होते, इतकं हलकं आणि तरी मनाला लागणारं मी खूप दिवसांत वाचलं नव्हतं.

आणि मग तो मारकुटा माणूस, डेव्हिड, तिला शोधत येतो. सिडनीला वाटणारी भीती लेखिकेने इतकी खरी लिहिलीये, दारावर थाप पडली तरी दचकणारी ती बाई, आणि त्याचा निकाल कसा लागतो तर तो त्या झाडाचं सफरचंद खातो, त्यात जे दिसतं त्याने हादरतो आणि पळून जातो. संपलं! इतकी वर्षं तिने सोसलं आणि सोडवणूक झाडाने करायची? मला राग आला, खरंच. घरात मारहाण ही गोष्ट अशा गोड पुस्तकात आणायचीच असेल तर ती बाईने स्वतः संपवायला नको का? की मी चुकीच्या पुस्तकाकडून चुकीची अपेक्षा करतेय?

रात्रपाळी:
मला शेवटाचं अजिबात वाईट वाटलं नाही. तुम्ही म्हणता सिडनीने काही केलं नाही, पण तिने करायचं ते पुस्तकाच्या सुरुवातीलाच केलंय ना! मुलीला उठवून सिएटलमधून निघाली, ते पण कुठलीही जादू हाताशी नसताना. सगळ्यात अवघड काम तेच होतं. मारणाऱ्या माणसाला घाबरवून पळवणं हे तिचं काम का असावं, निघून येणं पुरे नाही का? मी अशा घरातून बाहेर पडलेल्या बाईला जवळून पाहिलंय, "तू त्याला धडा का नाही शिकवलास" हा प्रश्न तिला इतक्या वेळा विचारला गेला की शेवटी तिने लोकांशी बोलणंच सोडलं. त्यामुळे झाडाने ते काम अंगावर घेतलं तेव्हा मला हायसं वाटलं. निदान एका पुस्तकात तरी!

शाईचाडाग:
रात्रपाळी, हे पटलं. तरी मूळ प्रश्नातही दम आहे, कारण या प्रकारच्या पुस्तकात जादू कशातून येते यावर सगळं ठरतं असं मला वाटतं. लाउरा एस्किवेलचं 'लाइक वॉटर फॉर चॉकलेट' (१९८९) घ्या. बारा प्रकरणं, बारा महिने, प्रत्येकात एक पाककृती. टीटा धाकटी म्हणून तिने लग्न न करता आईला सांभाळायचं, आणि तिचा प्रियकर तिच्याच बहिणीशी लग्न करतो. त्या लग्नाचा केक करताना तिचे अश्रू पिठात पडतात आणि केक खाऊन सगळे पाहुणे रडायला लागतात, मग ओकाऱ्या. तिथे जादू म्हणजे टीटाचं तोंडातून न निघालेलं बोलणं आहे. नावातही तेच, चॉकलेटसाठी उकळत ठेवलेल्या पाण्यासारखं आतून खदखदणं. म्हणून तिची जादू तिचीच वाटते, बाहेरून कुणी येऊन सोडवलं असं वाटत नाही.

'गार्डन स्पेल्स'मध्ये मात्र झाड स्वतःच्या मर्जीचं आहे. सिडनीने त्या झाडाशी आधी काही नातं जोडलं असतं, तिनेच ते सफरचंद उचलून दिलंय असं ठळक लिहिलं असतं, तर हाच शेवट केवढा भारी वाटला असता.

जुनी_वाचक:
एक गोष्ट कुणी लिहिली नाही. या पुस्तकात जादू चालत नाही असाही भाग आहे! क्लेअर शेजारच्या टायलरला दूर ठेवायला मुद्दाम तसे पदार्थ करून खायला घालते आणि त्याच्यावर ढिम्म परिणाम होत नाही. म्हणजे लेखिकेला माहीत आहे की माणूस खरंच तुमच्यावर जीव लावत असेल तर फुलं काही करू शकत नाहीत. आणि ती म्हातारी एव्हनेल, जी लोकांना काहीही वस्तू नेऊन देते आणि नंतर कधीतरी ती उपयोगी पडते, का देतेय हे तिलाही माहीत नसतं. मला पुस्तकाचा जीव तिथे वाटतो. झाड वगैरे ठीक आहे, पण कुणीतरी आपल्यासाठी न विचारता काहीतरी घेऊन दारात उभं राहणं, ते वाचून मी रडले होते.

पुस्तकातलीखूण:
रात्रपाळी, तुमचं वाचून सुरुवातीची पानं परत काढली. तेव्हा मी ती भराभर वाचली होती, बागेकडे पोचायची घाई होती. सिडनी निघते तो भाग आता सावकाश वाचला आणि हात गार पडले, लेकीला सांभाळत पाऊल टाकणं, प्रत्येक आवाजाला थबकणं. माझा राग चुकीच्या जागी होता हे मान्य. शाईचाडाग, तरी तुमचं सफरचंद तिने हातात द्यायला हवं होतं हे मला अजून वाटतंच. याचा पुढचा भाग 'फर्स्ट फ्रॉस्ट' (२०१५) कुणी वाचलाय का? सिडनीची मुलगी बे त्यात मोठी झालीये एवढं कळलंय, मला फक्त सांगा सिडनी त्यात निवांत झोपते का.