मदत हवी आहे: आईला घेऊन बट्टमबांग

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आईसोबत कंबोडियाला जातेय. अंगकोर पाहून पुढे तीन दिवस बट्टमबांग. सांगके नदीकाठचं हे शहर म्हणजे तिकडचं भाताचं कोठार; १९०७ पर्यंत सयामकडे (आजच्या थायलंडकडे) होतं, मग फ्रेंचांकडे गेलं. नदीलगतची जुनी दुकानघरं मला मनसोक्त पाहायची आहेत.

काळजी आईच्या गुडघ्यांची. वाट बनान या टेकडीवरच्या देवळाच्या साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या तिला जमणार नाहीत. फ्नोम सांपोव टेकडीच्या गुहेतली वटवाघळं खालून रस्त्यावरूनच दिसतात, ते बरं. अंगकोरजवळच्या सिएम रीपहून बोटीने गेलेलं कुणी आहे का? फेब्रुवारीत पाणी पुरतं, की सरळ बसच घ्यावी? शिवाय आई पूर्ण शाकाहारी, आणि तिथे भाजीतही माशांचा सॉस, नाहीतर प्राहोक, म्हणजे आंबवलेल्या माशांची पेस्ट. जेवणाचं तुम्ही कसं जमवलंत?