फोटोत वास येत नाही

लोकांना पुण्यातल्या मुठा नदीचे फोटो दाखवायचे, त्यांच्याकडून गुण घ्यायचे आणि सर्वांत कमी गुणांच्या पट्ट्यात आधी काम करायचं, अशी एक सूचना वाचली. ती पटली. पण अर्धीच. फोटोंना गुण देण्याची पद्धत जुनी आहे. अमेरिकेत डॅनियल आणि बोस्टर या संशोधकांनी 1976 मध्ये ती जंगलांसाठी मांडली होती. जंगल वेगळं, मुठा वेगळी.

एक साधी गोष्ट बघा. जलपर्णीने भरलेलं पात्र फोटोत हिरवंगार दिसतं, वर जांभळी फुलं! परगावच्या पाहुण्याला दाखवलंत तर दहापैकी आठ देईल. मात्र ती माजते ती सांडपाण्यावर. उलट भर उन्हाळ्यात भिडे पुलावरून दिसणारे उघडे खडक आणि गाळ यांना दोनच गुण मिळतील, आणि पाणपक्षी तर तिथेच चरताना दिसतात.

म्हणून गुण जागेवर उभं राहून द्यावेत, नाक उघडं ठेवून. तेही दोनदा: मे महिन्यात आणि खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर.

आणखी एक. नुसत्या देखणेपणामागे लागलो की घाट, फरशी, कठडे वाढतात. सोलमध्ये चंग्येचॉन हा ओढा 2005 मध्ये खुला झाला, दिसतो झकास, पण त्यात बहुतांश पाणी पंपाने आणून सोडावं लागतं. म्युनिकने इसार नदीचा सुमारे 8 किलोमीटरचा पट्टा 2011 पर्यंत मोकळा केला, काँक्रीट काढून गोट्यांचे काठ परत आणले. लोक तिथे पाण्यात उतरतात. आपल्याकडे मुठेत पाय घालायची तयारी किती जणांची आहे, हाही प्रश्न त्या गुणपत्रिकेत टाका.