११ वर्षांची प्लग-इन हायब्रिड: अख्खा पॅक बदलू की एकच मॉड्यूल?

सावली११

मंडळी, जरा सविस्तर लिहिते, कारण आठवड्याभरात ठरवायचं आहे.

गाडी २०१४ ची प्लग-इन हायब्रिड, म्हणजे घरी चार्ज होणारी बॅटरी आणि पेट्रोल इंजिन दोन्ही असलेली. बाबांनी निवृत्त झाल्यावर हौसेने घेतली, आता मी चालवते. नवी असताना नुसत्या बॅटरीवर ४८ किलोमीटर जायची. गेल्या वर्षी ३० वर आली, आता १९. पूर्ण चार्जला पूर्वी मीटरवर साडेनऊ युनिट लागायचे, आता चार. वय झालं म्हणून तेही मी मान्य केलं होतं.

पण महिनाभरापासून वेगळंच सुरू झालंय. बॅटरीचे तीन-चार ठिपके शिल्लक दिसतात, चढ लागतो, ॲक्सिलरेटर दाबला की ठिपके एकदम गायब. इंजिन जोरात घुमायला लागतं आणि गाडीतला जोरच निघून जातो. मागच्या आठवड्यात बाबांना तपासणीला नेत होते. भर चढावर जोर कमी झाल्याचं दाखवणारं कासवाचं चिन्ह लागलं, मागे ट्रक. बाबा एक शब्द बोलले नाहीत, पण समोरची पट्टी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते. ते डोळ्यासमोरून जात नाही.

वर्कशॉपमध्ये कोड वाचला, पी०ए८०. म्हणाले, अख्खा बॅटरी पॅक बदलावा लागेल. नव्या पॅकचा जो आकडा सांगितला तो गाडीच्या आजच्या किमतीपेक्षा जास्त आहे. बॅटरीची वॉरंटी ८ वर्षांची होती, ती कधीच संपली. दुसरे एक जण अपघातातल्या गाडीचा जुना पॅक बसवून द्यायला तयार आहेत. तिसरे म्हणतात, एखादं मॉड्यूल, म्हणजे पॅकमधला सेलचा एक गठ्ठा, बदललं की झालं. तिघांपैकी कोणीही पॅक उघडलेला नाही.

बॅटरीचा नाद सोडून नुसत्या पेट्रोलवर चालवावी, तर तेही होत नाही. या गाडीला वेगळा स्टार्टर नाही, इंजिन चालू करायलाही हाच मोठा पॅक लागतो. पॅक गेला की गाडी जागची हलणार नाही.

इंजिन उत्तम आहे, पत्र्याला गंज नाही. गाडी काढून टाकायची नाही. तिघांतलं कोणाचं ऐकू?

दुसरा_गिअर

आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासून घ्या. ती मरायला आली की या गाड्या भलतेसलते कोड दाखवतात. गाडी बंद करून रात्रभर ठेवल्यावर १२.४ च्या खाली दिसली तर ती बदला, मग पुढचं बघा. चढावर जोर जाणं त्यामुळे होत असेल असं मात्र वाटत नाही.

नारिंगी_केबल

ताई, अजून कोणाचंच ऐकू नका. तिघांनीही निदान न करता औषध सांगितलंय. मी गेली नऊ वर्षं हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचे पॅक उघडतोय, म्हणून थोडं मुळापासून लिहितो.

तुमच्या पॅकमध्ये साधारण शंभरेक सेल एकापुढे एक, माळेसारखे जोडलेले असतात. सगळ्यांतून एकच करंट वाहतो. त्यामुळे जो सेल सगळ्यांत आधी रिकामा होतो, तो सगळ्या पॅकला थांबवतो. बाकीच्यांत कितीही शिल्लक असो, बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारा कंट्रोलर) त्या एकाला वाचवण्यासाठी पॉवर तोडतो. तेच तुमचं कासव. म्हणून १९ किलोमीटर किंवा चार युनिट या आकड्यांवरून पॅक किती झिजलाय ते कळत नाही. सगळ्यांत कमजोर सेल किती झिजलाय तेवढंच कळतं. पी०ए८० या कोडचं नावच 'पॅक बदला' असं आहे, पण गाडीला ते कशावरून वाटलं? बहुतेक वेळा सेलच्या व्होल्टेजमधल्या फरकावरून.

तेव्हा गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये बसणारं एक ओबीडी अडॅप्टर घ्या आणि मोबाइलवर तुमच्या मॉडेलचं असं ॲप टाका, जे एकेका सेलचं व्होल्टेज दाखवतं. चार वेळा आकडे टिपा. पूर्ण चार्ज करून दोन तास उभी असताना. लगेच निघाल्यावर, जोरात ॲक्सिलरेटर दाबलेला असताना. मग ठिपके संपत आल्यावर उभी असताना, आणि त्याच वेळी जोर लावताना. आकडे बघायला शेजारी कोणाला तरी बसवा, तुम्ही रस्त्याकडे बघा.

यातून तीन वेगळ्या गोष्टी कळतात.

एखादा सेल पूर्ण चार्जलाही मागे आणि तळालाही तेवढाच मागे असेल, तर तो मेलेला नाही, उपाशी आहे. त्याला वेगळा चार्ज देऊन बाकीच्यांच्या पातळीवर आणलं की गाडी पूर्वीसारखी चालू शकते. पुन्हा महिन्याभरात मागे पडला तर मात्र तो आतून गळतोय असं समजायचं.

वर बरोबरीने आणि तळाशीच कोसळत असेल, तर त्याची क्षमता गेली. तो बदलायलाच हवा.

उभी असताना सगळे सारखे, पण जोर लावला की एक जण लगेच खाली आणि ब्रेक लावून चार्ज परत येताना तोच सगळ्यांच्या वर, आणि हे पॅक भरलेला असो वा रिकामा, सारख्याच प्रमाणात होत असेल, तर सेलआधी जोडपट्टीवर संशय घ्या. शंभर अँपिअरला एक मिलिओहम जास्तीचा रोध म्हणजे ०.१ व्होल्टची घट. तांब्याच्या पट्टीवर हिरवट थर चढला किंवा नट ढिला झाला तरी एवढं होतं. सहा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पॅक आला होता, 'भंगारात काढा' असा शेरा मारलेला. एका पट्टीखाली नखाएवढा काळा डाग होता. पट्टी घासली, नट ठरलेल्या टॉर्कला आवळले, आणि ती गाडी अजून धावतेय. असं दर वेळी होत नाही. पण बघितल्याशिवाय पॅक फेकू नये, एवढंच माझं म्हणणं.

आणि कृपा करून पॅक स्वतः उघडू नका. दुरुस्तीआधी काढतात तो सर्व्हिस प्लग काढला की पॅक मरतो असा समज आहे. प्लगने फक्त माळ मधे तुटते. दोन्ही अर्ध्या माळा आत जिवंतच असतात, प्रत्येकी दीड-पावणेदोनशे व्होल्ट. डीसीमध्ये ६० च्या वरचं सगळं धोक्याचंच धरतात. मी आजही प्लग काढल्यावर दहा मिनिटं थांबतो, म्हणजे इन्व्हर्टरमधले चार्ज धरून ठेवणारे कपॅसिटर रिकामे होतात. हजार व्होल्टचे रबरी हातमोजे घालण्याआधी तोंड गुंडाळून आत हवा कोंडतो आणि गालाजवळ धरतो. सुईएवढं भोक असलं तरी गालाला हवा लागते. मग वरून चामड्याचे. पॅकच्या बाहेरच्या टोकांवर मीटरने शून्य दिसल्याशिवाय हात आत जात नाही. ज्याच्याकडे काम द्याल त्याला हे सगळं करताना बघा. नसेल करत तर गाडी परत आणा.

पहाटवारा

जुन्या पॅकबद्दल माझा अनुभव सांगतो, कारण मी तो रस्ता धरला आणि पस्तावलो.

विकणाऱ्याने सांगितलं, गाडी फक्त ४० हजार किलोमीटर चाललेली, अपघातात गेली. मी भुललो. लिथियम सेल चालवल्याने झिजतात तसेच नुसते पडूनही झिजतात, विशेषतः भरलेल्या अवस्थेत आणि उन्हात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पॅकच्या तळावरचं लेबल नंतर वाचलं तर तो माझ्या पॅकपेक्षा जेमतेम एक वर्षाने नवा. शिवाय दोन वर्षं गोदामात तसाच पडलेला. पाच सेल २ व्होल्टच्याही खाली गेले होते. इतका खोल उतरलेला सेल पुन्हा चार्ज करायचा नसतो. आतलं तांबं विरघळून भलतीकडे जमतं आणि पुढे कधीतरी आतल्या आत शॉर्ट होतो. सगळा पॅक परत पाठवावा लागला, आणि लिथियम पॅक धोकादायक मालात मोडत असल्याने साधा वाहतूकवाला हातही लावेना.

दुसऱ्यांदा लेबलची तारीख, प्रत्येक सेलचं व्होल्टेज आणि क्षमतेची चाचणी बघूनच घेतला. तो चांगला निघाला. तरी बसवल्यावर पहिल्यांदा पूर्वीइतकीच रेंज दिसली. गाडीला जुन्या पॅकची क्षमता पाठ होती. निदानयंत्राने ती रीसेट केल्यावर खरा आकडा आला. बसवणाऱ्याकडे हे यंत्र आहे का, तेही विचारा.

सावली११

सर्वांचे मनापासून आभार. छोटी बॅटरी १२.६ दाखवते, म्हणजे ती ठीक आहे. अडॅप्टर मागवलं, आणि काल भाऊ शेजारी वही घेऊन बसला.

एकूण ९६ सेल आहेत, आठ-आठचे १२ मॉड्यूल. पूर्ण चार्जला उभी असताना सगळे ४.०७ ते ४.०९, त्यात ६१ नंबर ४.०८. जोर लावल्यावर बाकीचे ३.९० च्या आसपास, ६१ नंबर ३.८६. इथवर मला वाटलं, काही सापडणारच नाही.

ठिपके संपत आल्यावर उभी केली, तर बाकीचे ३.७० ते ३.७२ आणि ६१ नंबर ३.४८. त्याच चढावर दाबली तेव्हा बाकीचे ३.५० पर्यंत उतरले आणि ६१ सरळ ३.०४. भाऊ ओरडलाच, "ताई, हा बघ!" आणि त्याच क्षणी कासव लागलं. पाय काढल्यावर लगेच वर उडाला नाही, मिनिटभर हळूहळू चढत राहिला.

नारिंगी_केबल

ताई, याहून स्वच्छ आकडे मला वर्कशॉपमधूनही क्वचित मिळतात. भावाला शाबासकी सांगा.

वर बरोबर आणि तळाला कोसळतो, म्हणजे उपाशी नाही. भरलेला असताना जोर लावला तर फरक फक्त ०.०४, म्हणजे पट्टीही नाही, पट्टीचा दोष दोन्हीकडे सारखा दिसला असता. सेल ६१ ची क्षमता गेली आहे. तो आठव्या मॉड्यूलमध्ये, ५७ ते ६४ मधला. आणि महत्त्वाचं म्हणजे तो संपतो तेव्हा बाकीचे अजून ३.७० वर आहेत. त्यांच्यात बरंच शिल्लक आहे, ते वापरायलाच मिळत नाही. असे पाच-सहा सेल निघाले असते तर मी पॅकच बदला म्हटलं असतं, कारण एक बदलला की दुसरा, मग तिसरा, आणि दर वेळी पॅक उतरवायचा. तुमच्याकडे एकच आहे आणि बाकीचे ९५ एका रेषेत आहेत. आठवं मॉड्यूल बदला.

नवं कोरंच हवं असा हट्ट नको. बाकीचे थांबतील तिथेच तेही थांबणार, त्याची जास्तीची क्षमता वाया. तपासलेलं, तुमच्या पॅकच्या जवळपासच्या वयाचं चालेल. पण जोडण्याआधी ते बाकीच्यांच्या व्होल्टेजवर, शंभराव्या भागापर्यंत जुळवून घ्यायला सांगा. बीएमएसचं बॅलन्सिंग, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर आणणं, फार मंद असतं, मोठा फरक भरून काढायला त्याला आठवडे लागतात. पॅक उघडलाच आहे तर सगळ्या पट्ट्या बघून घ्याव्यात, कूलिंगचा मार्गही साफ करावा. बंद केल्यावर इन्सुलेशनची चाचणी, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यात गळत नाही ना ते बघणं, हवीच.

तोवर बाबांना नेताना चार्ज राखून ठेवायचं बटण सुरुवातीपासून दाबा आणि निम्म्याखाली जाऊ देऊ नका. ६१ फक्त तळाशी दगा देतोय, वरच्या अर्ध्यात तो अजून बरोबरीने काम करतोय.

सावली११

आज ते बटण दाबून तोच चढ चढले. ठिपके जागचे हलले नाहीत, जोर पूर्ण होता. बाबा सगळ्या रस्त्याने भावाशी त्याच्या वहीतल्या आकड्यांबद्दल बोलत होते.

तिसऱ्यांशी बोलणं झालं. पॅक माझ्यासमोर उघडतील, आठही सेलची क्षमता मोजून दाखवतील. हातमोज्यांचं विचारलं तर त्यांनी न सांगताच हवा भरून दाखवली. मॉड्यूल मंगळवारी येतंय. बसवायच्या आधी लेबलवरची तारीख आणि आठही व्होल्टेज इथे टाकते, नारिंगी_केबल, तुम्ही एकदा नजर टाकाल ना?